कळंक

पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की ते कळकतं, हे आमच्याकडे लेकरालाही माहीत असतं. आंबट धातूला धरतं आणि भांड्याच्या पोटात हिरवट थर चढतो. तो कळंक. म्हणून तर पूर्वी वर्षातून एकदा कल्हईवाला गावात यायचा. पारापाशी खड्डा करून भाता लावायचा, भांडं लाल होईपर्यंत तापवायचा, आत नवसागर टाकायचा आणि पांढरा धूर निघाला की कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्यानं एका दमात सारं भांडं चांदीसारखं करून टाकायचा. घरोघरी स्टील आलं आणि कल्हईवाले दिसेनासे झाले. कळंक मात्र गेला नाही. 2023 च्या उन्हाळ्यात तो मला बाबांच्या जुन्या लॅपटॉपच्या पोटात भेटला.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. 1968 ते 2004 अशी छत्तीस वर्षं नोकरी. देवळी, आर्वी, सेलू, समुद्रपूर असा जवळपास सगळा वर्धा जिल्हा त्यांनी एसटीनं आणि सायकलनं पालथा घातला. बदली झाली की गावागणिक एक नवी वही. त्या वहीत हजेरी नसायची, हिशेब नसायचा. नुसते शब्द असायचे. कोणी म्हातारा बंडी हाकता हाकता काही वेगळं बोलला की बाबा सायकल थांबवून विचारायचे, "काय म्हटलं बुवा? पुन्हा एकदा सांगा."

आमच्या जिल्ह्याची बोली तशी दोन घरची आहे. 1862 साली वर्धा जिल्हा नागपूरमधून वेगळा निघाला. पश्चिमेला वर्धा नदी. इंग्रजी राज्यात ती नुसती नदी नव्हती, सीमा होती. पलीकडे वऱ्हाड, अलीकडे मध्य प्रांत. ग्रियर्सननं भारतातल्या भाषांची पाहणी केली, तिचा मराठीचा खंड 1905 साली निघाला. त्यात वऱ्हाडी आणि नागपुरी या दोन बोलींची वेगवेगळी नोंद आहे. आम्ही त्या दोघींच्या मधल्या धुऱ्यावर राहतो. धुरा म्हणजे बांध. पुण्याकडचा माणूस बांध म्हणतो, आमचा कास्तकार धुरा म्हणतो. शेताला वावर म्हणतो, गोठ्याला कोठा म्हणतो. आणि गंज म्हणतो तेव्हा त्याला लोखंडावरचा जंग म्हणायचा आहे की भाजीचं भांडं, हे पुढचं वाक्य ऐकल्याशिवाय कळत नाही.

बाबांच्या वह्यांमध्ये शेतीचे शब्द जास्त होते. तिफण, तिच्यावरचं चाडं, बी पेरायचं सरतं. डवरा आणि डवरणी. आठवडाभर न थांबणारी पावसाची झड. दोन माणसं बसतील अशी हलकी गाडी, ती दमणी. कापसाच्या पहिल्या वेच्याला वावरात करतात ती सीतादही, आणि शेवटचा वेचा होऊन पऱ्हाटी गुराढोरांना मोकळी होते ती उलंगवाडी. दाते-कर्व्यांचा सात खंडांचा महाराष्ट्र शब्दकोश बाबांनी वर्ध्याला वाचनालयात बसून पाहिला होता. तिथं सापडलेल्या शब्दापुढं ते वहीत एक टिंब द्यायचे. टिंब नसलेले शब्द ते आपली जबाबदारी समजायचे.

निवृत्तीच्या एक वर्ष आधी, 2003 साली, माझ्या नागपूरच्या आतेभावानं त्याच्या ऑफिसातला मोडीत निघालेला लॅपटॉप बाबांना आणून दिला. काळा, जाड, पाटावरवंट्यातल्या पाट्याएवढा वजनदार. विंडोज 98, फ्लॉपीची खाच आणि बारा इंचाचा पडदा. वर्ध्याच्या एका डीटीपीवाल्यानं त्यात मराठी फॉन्ट टाकून दिला. गावात बातमी झाली. पारावर एकानं बाबांना टोमणा मारला, "गुरुजी, सेवाग्राम अर्ध्या घंट्यावर अन् तुमी मशीन घेऊन बसले?"

बाबा गांधीवाले होते, पण रडके नव्हते. त्यांनी सांगितलं की गांधीजींना 1924 साली हाच प्रश्न विचारला होता, की तुम्ही सगळ्याच यंत्रांच्या विरोधात आहात का. गांधीजींनी सिंगरच्या शिलाई मशीनला त्यातून वगळलं होतं. बायकोला हातानं शिवताना पाहून तिचा त्रास कमी व्हावा म्हणून एका नवऱ्यानं ती केली, त्या मशीनमागं माया आहे, असं त्यांचं म्हणणं. "हे मशीन मी नफ्यासाठी नाई आणलं," बाबा म्हणाले, "माह्या वह्या उधई खाऊन राह्यली म्हणून आणलं."

ते खरंच होतं. उधई म्हणजे वाळवी. पंचवीसेक वह्यांपैकी सात-आठ तिनं जाळी करून टाकल्या होत्या.

मग सुरू झालं दोन बोटांचं टायपिंग. ते दिवस विदर्भात भारनियमनाचे. दिवसातले कितीतरी तास लाइन नाही. लॅपटॉपची बॅटरी अर्धा तास टिकायची. लाइन आली की आई पाण्याच्या मोटरकडे धावायची आणि बाबा लॅपटॉपकडे. घरात या दोन धावण्यांवरून बोलाचाली व्हायची. शेतीचे दिवस वाईट होते. 2002 साली बीटी कापूस आला, बियाण्याचं पाकीट महाग झालं, खर्च वाढला, भाव तिथंच. 2005 मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या डोर्ली गावानं, गाव विकायला काढलं आहे, असा फलक लावला. अशा वेळी एक मास्तर चाडं आणि सरतं टाइप करत बसतो, याचं लोकांना हसू यायचं. मलाही कधी कधी यायचं. बाबांचं उत्तर ठरलेलं. काम गेलं की कामाचा शब्द जातो. तणनाशक आलं, निंदण गेलं. ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र आलं, सरतं धरणारी बाई घरी बसली. तिच्या हातात जे होतं ते निदान लिहून तरी ठेवावं.

2011 च्या पावसाळ्यात पडद्यावर लाली यायला लागली. सुरू केला की पडदा आधी गुलाबी दिसायचा, मग हळूहळू पांढरा. पुढं तो पांढरा होईचना, आणि एक दिवस काळाच राहिला. नागपूरच्या एका दुकानात दाखवला तर त्यांनी सांगितलं, एवढ्या पैशात नवा येईल. बाबांनी तो धोतराच्या जुन्या पानात गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवला. पेटी कापसाच्या खोलीत. बारा पावसाळे ती तिथंच होती.

डिसेंबर 2022 मध्ये बाबांना पक्षाघाताचा झटका आला. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात अकरा दिवस होते. जीव वाचला. उजवा हात लुळा झाला आणि बोलणं गेलं. गेलं म्हणजे आवाज गेला नाही. समोरच्याचं सगळं कळायचं, काय म्हणायचं तेही आत तयार असायचं, शब्द तेवढा ओठावर येत नव्हता. पाणी मागायचं असलं तरी "हो, हो, ते" एवढंच. डॉक्टरांनी सांगितलं, याला वाचाघात म्हणतात. मेंदूच्या डाव्या बाजूला पुढं एक भाग आहे, तिथं रक्त पोचलं नाही की असं होतं. पॉल ब्रोका नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं 1861 साली तो भाग दाखवून दिला, म्हणून त्याला त्याचंच नाव आहे. गंमत अशी की गाणं आणि पाठ असलेलं बोलणं पुष्कळदा टिकून राहतं. बाबांचंही तसंच झालं. संध्याकाळी गावात तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना सुरू झाली की बाबा खाटेवरून तिच्यात सूर मिसळायचे, शब्दांसकट. प्रार्थना संपली की पुन्हा "हो, हो, ते."

वाचा शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, रोज त्यांच्याशी शब्दांचा सराव करा. ओळखीचे शब्द घ्या, त्यांच्या आवडीचे घ्या. आम्ही बाजारातून चित्रांचं पुस्तक आणलं. सफरचंद, बदक, विमान. दुसऱ्या दिवशी बाबांनी ते डाव्या हातानं बाजूला सारलं. छत्तीस वर्षं लेकरांना तेच शिकवलेला माणूस तो. मग त्यांनी डावा हात पलंगाच्या कडेवर ठेवला आणि दोन बोटं खालीवर केली. मला वाटलं तबला. आईनं मात्र लगेच ओळखलं.

"पेटी काढ," ती म्हणाली. "थो त्याईचा डबा मांगून राह्यले."

पेटीतून लॅपटॉप निघाला. त्याच्यासोबत वर्तमानपत्राचं एक पिवळं कात्रण. 2007 साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात गावी शाळेतल्या लेकरांना हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप मिळाले होते, त्याची बातमी. जगभरच्या गरीब लेकरांसाठी केलेलं ते यंत्र. उन्हातही पडदा वाचता यावा आणि बिघडलं तर साध्या स्क्रूड्रायव्हरनं उघडता यावं, असा त्याचा बेत. उघडता येण्याच्या वाक्याखाली बाबांनी शाईनं रेघ मारली होती. आमचा डबा तसा नव्हता. त्याचं एक बिजागर जाम झालं होतं आणि कीबोर्डच्या फटीतून हिरवी बुरशी वर आल्यासारखी दिसत होती.

पहिली सूचना सगळ्यांची एकच, हार्डडिस्क काढा आणि बाकीचं भंगारात द्या. वर्ध्याच्या एका पोरानं ती काढून यूएसबीच्या पेटीत बसवली आणि माझ्या संगणकाला जोडली. डिस्क फिरली. फाइल सापडली. तिचं नाव इंग्रजी अक्षरांत 'शब्द'. उघडली तर पानंच्या पानं रोमन अक्षरं, अधिकचिन्हं, कंस आणि उलटी प्रश्नचिन्हं. शब्द एकही नाही.

याचं कारण मला माझ्या मुलीनं समजावलं. ती नागपूरला संगणकाचं शिकते. आज आपण मोबाइलवर मराठी लिहितो तेव्हा 'क' ला साऱ्या जगात एकच क्रमांक असतो. ती युनिकोडची व्यवस्था. 1991 पासून तिच्यात देवनागरी आहे. त्याच वर्षी भारतीय लिपींसाठी इस्की नावाचं सरकारी मानकही ठरलं आणि पुण्याच्या सी-डॅकनं भारतीय भाषांसाठी पुष्कळ काम केलं. पण विंडोज 98 ला देवनागरी येत नव्हती. म्हणून छापखान्यांसाठी निघालेले फॉन्ट एक युक्ती करत. रोमन अक्षराच्या जागेवर देवनागरी अक्षराचं चित्र बसवायचं. संगणकाला वाटायचं इंग्रजी लिहिलंय, पडद्यावर दिसायची मराठी. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. एकीचा 'क' तो दुसरीचा भलताच. फॉन्ट नसला की चित्रं जातात आणि मागं हा कचरा उरतो. महाराष्ट्रातल्या किती छापखान्यांची, दिवाळी अंकांची, कवींची पानं अशी अजून डिस्कवर मुकी पडली असतील.

डिस्कवरचा फॉन्ट मुलीनं नव्या संगणकात टाकून पाहिला. निम्मी अक्षरं आली. जोडाक्षरं फुटली, रफार भलतीकडे गेले, आणि 'पऱ्हाटी' मधल्या 'ऱ्ह' च्या जागी चौकोन. "आजोबांनी जसं पाहिलं तसं एकदा दिसलं पाहिजे," ती म्हणाली, "मग मी चिन्हाला चिन्ह जुळवते." म्हणजे डबाच उठवायला हवा होता.

पुलगावला एक चाचा आहेत. टीव्ही, मिक्सर, कूलर, इन्व्हर्टर, काय पाहिजे ते दुरुस्त करतात. लॅपटॉप आणला कोणाचा हे कळल्यावर त्यांनी चष्मा पुसला. "गुरुजीचा हाये? म्या तिसरी त्याईच्याजवळ शिकलो. ठेव तिथं." चाचांचे वडील कल्हईवाले. लहानपणी आमच्या पारापाशी भाता मारणारं जे पोरगं असायचं, ते म्हणजे चाचा, हे मला त्या दिवशी कळलं.

चाचांनी एका कोऱ्या कागदावर लॅपटॉपची बाह्यरेखा काढली. जिथला स्क्रू तिथं कागदात खोचून ठेवायचा. एकोणतीस स्क्रू निघाले, तीन गंजून अडले, त्यांच्यावर रात्रभर तेल सोडलं. दुसऱ्या दिवशी झाकण निघालं आणि चाचा म्हणाले, "हे तं कल्हई उडालेल्या गंजासारखं झालं बापा."

सर्किटच्या एका कोपऱ्यात निळसर हिरवा फेस वाळला होता. मोठी बॅटरी तर बाहेरूनच निघते, पण या जुन्या लॅपटॉपांमध्ये आत आणखी एक लहान बॅटरी असते. लॅपटॉप बंद असताना तारीख-वेळ लक्षात ठेवण्यासाठी. वर्षानुवर्षं चार्ज न होता पडून राहिली की ती फुटते आणि तिच्यातला क्षार तांब्याच्या रेषा खातो. ताकाचा कळंक आंबटानं चढतो, हा क्षारानं. म्हणून औषध उलटं. चाचांनी आधी ती बॅटरी कापून काढली, मग चायनीजच्या गाडीवरून आणलेलं पांढरं व्हिनेगर दातांच्या ब्रशनं हळूहळू लावलं. लिंबू का नाही, विचारलं तर म्हणाले, लिंबाचा गर चिकटून बसते. व्हिनेगर लागलं की बारीक बुडबुडे येत. बुडबुडे थांबले की क्षार मेला. मग धुवायला डिस्टिल्ड वॉटर, इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतात तेच, गावातल्या किराण्यातही मिळतं. नळाच्या पाण्यातले क्षार मागं राहतात म्हणून ते चालत नाही. शेवटी स्पिरिट, आणि दोन दिवस उन्हात नाही, सावलीत वाळवण.

धुतल्यावर खरं नुकसान दिसलं. केसाएवढ्या तांब्याच्या रेषा चार ठिकाणी तुटल्या होत्या. चाचा मीटरची एक सुई रेषेच्या या टोकाला आणि दुसरी त्या टोकाला ठेवत. पीप वाजलं तर रेषा जिवंत. नाही वाजलं तर तिथं निळ्या पेनानं खूण. जुन्या हेडफोनच्या कॉइलमधली बारीक तार त्यांनी सोडवली, तिचं टोक राळेत बुडवलं आणि कथलाचा ठिपका देऊन एकेक रेषा सांधली. भिंगाखाली वाकून बसलेले चाचा पाहताना लक्षात आलं, धंदा बदलला तरी धातू तोच आहे. बाप भांड्यावर फिरवायचा ते कथील, लेक सर्किटवर ठिपके देतो तेही कथील. नवसागराच्या जागी राळ आली, एवढाच फरक.

पंधरा व्होल्टचा अडॅप्टर चाचांच्या अडगळीत सापडला. बटण दाबलं. पंख्याची घरघर, डिस्कची खरखर, एक बारीक पीप. आणि पडदा काळा.

"टॉर्च लाव," चाचा म्हणाले. "समोरून नको. तिरपी धर."

मी मोबाइलची टॉर्च पडद्यावर तिरपी धरली. काळ्या काचेत, विहिरीच्या तळाशी दिसावीत तशी, पुसट अक्षरं होती. यंत्र चालू होतं. अक्षरं तयार होती. त्यांच्या मागचा दिवा तेवढा पेटत नव्हता. या पडद्यांना स्वतःचा उजेड नसतो. मागं काडीएवढी बारीक काचेची नळी असते, ट्यूबलाइटचीच लहान बहीण. तिला पेटवायला सुरुवातीला हजार व्होल्टच्या वर दाब लागतो, तो एक चिमुकला इन्व्हर्टर देतो. नळी म्हातारी झाली की आधी लाल होते, मग विझते. बाबांच्या पडद्याची 2011 मधली लाली ही होती.

घरी येऊन आईला हे सांगितलं. ती भाकर थापत होती. थांबली नाही. म्हणाली, "मंग तुह्या बाबाचंही तसंच हाये. आतमंधी सारं लिवून हाये, दिवा तेवढा गेला."

नळीसाठी दोन आठवडे गेले. नव्या पडद्यांत आता एलईडी असतात, नळ्या कोणी ठेवत नाही. शेवटी नागपूरला सीताबर्डीवर मोडीतल्या पडद्यांच्या ढिगात त्याच मापाचे दोन मिळाले. नळीत थोडा पारा असतो, म्हणून चाचांनी दार-खिडक्या उघड्या ठेवल्या आणि मला लांब बसवलं. पहिली नळी बसवताना तडकली. त्यांनी ती कागदात गुंडाळून डब्यात बंद केली, चहा पाजला आणि मगच दुसरीला हात लावला. ती बसली.

पडदा उजळला. फार नाही, कंदिलाएवढा. तारीख ठेवणारी बॅटरीच काढल्यामुळं यंत्राला वाटत होतं की 1980 सालचा जानेवारी चालू आहे. खालच्या कोपऱ्यात एक काळी रेघ राहिलीच. चाचांनी नळीचे पैसे घेतले, मेहनतीचे घेतले नाहीत. "गुरुजीले सांगजो, कल्हईवाल्याच्या पोट्ट्यानं केला."

फाइल उघडली. 'अ' पासून सुरुवात. 1,740 शब्द. सगळे रफार जागच्या जागी, 'पऱ्हाटी' शाबूत.

मुलीनं सुट्टीचा महिना दिला. दोन यंत्रं शेजारी ठेवून तिनं तक्ता केला, या खुणेचं हे अक्षर. सगळ्यात त्रास ऱ्हस्व वेलांटीचा. जुन्या फॉन्टमध्ये ती दिसते तशी, अक्षराच्या आधी टाइप व्हायची; युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. म्हणजे 'तिफण' सरळ बदलला की वेलांटी दुसऱ्याच अक्षराच्या डोक्यावर बसायची. रफाराचं नेमकं उलट. शेवटी तिनं त्यासाठी लहानसा प्रोग्राम लिहिला आणि उरलेल्या चुका आम्ही हातानं काढल्या. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात छापील पानं बाबांच्या मांडीवर होती.

सराव सुरू झाला. मी शब्द वाचायचा, बाबांनी म्हणायचा प्रयत्न करायचा. चमत्कार झाला नाही. पहिले दोन महिने 'वावर' चा 'वा' आणि 'धुरा' चा 'धु' एवढंच. पण बाबा पान बाजूला सारत नव्हते. अर्धा अर्धा तास बसायचे. एकदा मी 'सरतं' वाचून पुढचा अर्थ अर्धवट सांगितला, की बी पेरायची नळी. बाबांनी मान जोरात हलवली, माझ्या हातातला पेन डाव्या हातात घेतला आणि पाठकोऱ्या कागदावर वाकड्यातिकड्या रेघांनी तिफण काढली. फणाच्या मागं एक बाई काढली, आणि तिच्या हातात ती नळी. सरतं तिफणीला बसवलेलं नसतं, मागून चालणारी बाई ते धरते, हे त्यांना सांगायचं होतं. बाई काढून झाल्यावर त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि अख्खा शब्द म्हणाले, "सरतं."

यादी पुरी वाचल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. 212 शब्दांपुढं अर्थच नव्हता. वह्या उधईनं खाल्ल्या त्यातले हे असावेत. शब्द वाचता आला, पुढचं पान गेलं. बाबांनी जागा मोकळी सोडून ठेवली होती, कधीतरी विचारून भरू म्हणून. ज्यांना विचारायचं ती माणसं त्या काळात होती. आता थोडी उरली.

म्हणून आता मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी आमच्या ओसरीवर म्हाताऱ्या बाया जमतात. मी शब्द वाचतो. एक जण म्हणते, हा पेवाचा शब्द हाये. दुसरी म्हणते, कायले, हा तं ढोलीचा. भांडण होतं. मग सगळ्या बाबांकडे पाहतात. बाबा ज्या बाजूला मान हलवतील तो अर्थ मी लिहितो. कधी ते दोन्हीकडे मान हलवत नाहीत, तेव्हा जागा मोकळीच ठेवतो. चाचाही एकदा येऊन गेले. 'भाता' च्या पुढं त्यांनी त्याचे चार भाग चार नावांनी सांगितले. त्यातली तीन नावं बाबांच्या यादीत नव्हती. ती धरून आता 1,743 शब्द झाले आहेत.

लॅपटॉप पेटीत परत गेला नाही. कोनाड्यात कापडाखाली असतो. महिन्यातून एकदा तो सुरू करतो, तारीख विचारतो ती भरतो, आणि फाइल उघडून बाबांपुढं धरतो. काळी रेघ थोडी वाढली आहे. मोकळ्या जागा अजून 139 आहेत. येत्या शुक्रवारी 'ल' पासून बसायचं आहे.